मूकपट बघून बाबांनी बसवलेलं नाटक

बाबांना पुण्याला परत जायचं होतं, तिकीटही काढलेलं होतं. माझ्याकडे, आखातात अल मनखूलला, ते दोन महिने बुजगावण्यासारखे बसून होते, हे त्यांचेच शब्द. जन्मभर हौशी नाटकांतून कामं केली. कान गेल्यावर समोरच्याचं वाक्य कधी संपलं ते कळेना, म्हणून सोडली. ओठांवरून थोडंफार कळायचं, पण श्रवणयंत्राचं नाव काढलं की तोंड फिरवत. मी रोज भांडायचे, तिथे एकटे कसे राहाल, औषधं कोण देईल. आडमुठेपणात मी त्यांचीच मुलगी.

एका दुपारी मी त्यांना जुना स्पॅनिश मूकपट लावून दिला. त्यातला नट पुढे दिग्दर्शक झाला, हे फोनवर लिहून दाखवलं. मग आठवडाभर त्यांनी त्याचेच सिनेमे पाहिले, आधी त्यानं काम केलेले, नंतर त्यानं दिग्दर्शित केलेले.

"आधी हातवारे फार करायचा," बाबा म्हणाले. "पण दुसऱ्यांना मात्र स्वस्थ उभं राहायला शिकवलंय बघ. खोटं कुठे होतं ते नटालाच ठाऊक."

किती दिवसांनी ते आपणहून इतकं बोलले होते.

त्याच सुमारास आमच्या गणपतीच्या नाटकाचा दिग्दर्शक बदली होऊन गेला. तालमी आमच्याच हॉलमध्ये होत्या. मी बाबांचं नाव सुचवलं.

"बहिऱ्यानं नाटक बसवायचं?" बाबांनी विचारलं.

"काका, यल्ला, चला, आता तुम्हीच," आमचा नायक म्हणाला. "शो नेक्स्ट वीकेंडलाच आहे."

पहिल्या तालमीत सगळ्यांनी आपापली वाक्यं बाबांच्या तोंडावर ओरडून म्हटली. शेजारी दार वाजवून गेले.

"मला नको, एकमेकांना सांगा," बाबा म्हणाले. "ओरडलात की चेहरे वेडेवाकडे होतात."

मग माझा प्रवेश आला. बाप गावी निघालाय, मुलगी त्याला निरोप देते. मी छान हसून वाक्य म्हटलं. बाबांनी हात वर केला.

"हसतेस कशाला? त्यानं जावं असं तिला वाटतंय का?"

मी नाही अशी मान हलवली. पुन्हा सुरुवात केली आणि मला पुढे बोलवेचना. बाबा माझ्याकडे बघत राहिले.

"मला तर औषधांचंच सांगत होतीस," ते म्हणाले.

"मला तुम्ही हवे आहात, बाबा. जाऊ नका."

त्यांनी संहिता मिटली. "तिकीट पुढे ढकल," ते म्हणाले.