राजाच्या खोलीतले तडे

मी शाळेत इतिहास शिकवते, आणि पिरॅमिडचा विषय निघाला की मला आवरणं कठीण जातं. आमच्या वाचनालयाने मला गिझाच्या मोठ्या पिरॅमिडवर बोलायला बोलावलं, तेव्हा नवऱ्याने आधीच हात जोडले. "अगं, तालीम आमच्यावर नको!" म्हणून मी शेजारच्या इमारतीतल्या काकांना पकडलं. काका म्हणजे निवृत्त साइट सुपरवायझर. चहा दिला की ते काहीही ऐकून घेतात, असा माझा समज होता.

कोपरीतलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. हॉलमध्ये बीमच्या बरोबर खाली मुलीचं अभ्यासाचं टेबल. तिची बारावी होती. ती क्लासला गेलेली, म्हणून मी तिच्याच खुर्चीवर बसून काकांना सांगायला लागले. पिरॅमिडच्या पोटात राजाची खोली आहे, सगळी ग्रॅनाइटची. छताला नऊ अजस्र तुळया. वरचा भार थेट छतावर येऊ नये म्हणून त्यांच्यावर एकावर एक पाच बुटक्या पोकळ्या ठेवलेल्या. तिथे कुणी जायचंच नव्हतं, म्हणून दगडांवर मजुरांच्या टोळ्यांची लाल रंगातली नावं तशीच राहिली. काही तर उलटी.

"दगड चढवताना फिरला असणार," काका खूश होऊन म्हणाले. "आमचे गवंडीपण लिहायचे नावं."

मग मी माझा आवडता भाग काढला. त्या नऊही तुळयांना तडे गेलेत, बहुधा बांधकाम चालू असतानाच. आणि तड्यांवर जुन्या काळीच कुणीतरी गिलावा थापलेला सापडला. काही अभ्यासकांना वाटतं, तो तडा वाढतोय का ते कळावं म्हणून. गिलावा फुटला, तर समजायचं दगड सरकतोय.

"मग तो सुपरवायझरच होता," काका म्हणाले, आणि त्यांची नजर वर गेली. "तुमच्या या बीमला तडा होता ना? कुठे गेला?"

"दिवाळीच्या रंगात बुजवला," मी अगदी कौतुकाने सांगितलं. आमच्या इमारतीत दसरा झाला की रंगारी येतात, आणि पहिलं काम म्हणजे तड्यांत पुट्टी. दर दिवाळीला, घरोघरी. पाहुण्यांना भिंत स्वच्छ दिसली पाहिजे!

"बाई, तिकडे हजारो वर्षांपूर्वीचा माणूस तड्यावर नजर ठेवून बसला, आणि तुम्ही दरवर्षी त्याच्यावर रंग मारता?"

माझाच चहा पिऊन मलाच बोल लावतायत, म्हणून मी फणकारले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टुलावर चढून पुट्टी खरवडली, तेव्हा आत करंगळी जाईल एवढी फट निघाली. त्यांनी तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचे तीन ठिपके आडवे थापले आणि शेजारी पेन्सिलने तारीख घातली. "यातला एक जरी फुटला, तरी घर सोडायचं. चर्चा नंतर."

नवव्या दिवशी मधला ठिपका चिरला. "पीओपी आहे, फुटणारच," नवरा म्हणाला. परीक्षा तोंडावर आलेली, अशा वेळी पोरीला घेऊन जायचं कुठे? दोन दिवसांनी दुसराही चिरला. काका ओळखीचा इंजिनीअर घेऊन आले. त्याने बीम ठोकून पाहिला आणि सगळ्या इमारतीलाच बाहेर पडायला सांगितलं. खालचे-वरचे आमच्या नावाने बोटं मोडत गेले. आम्हाला टिटवाळ्याला दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. टेबल तिथे मावेना, ते मागेच राहिलं. मुलगी रडत होती. मी मनातल्या मनात काकांना काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. वाचनालयातलं ते व्याख्यान कसं झालं, तेही मला आज धड आठवत नाही.

तिच्या दुसऱ्या पेपरच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, आमच्या हॉलचा स्लॅब बीमसकट खाली आला. आम्ही घर सोडलं नसतं, तर पेपर देऊन आलेली ती त्या वेळी पुढच्या विषयाची वही उघडून त्याच खुर्चीवर बसलेली असती. इंजिनीअरने फोनवर फोटो पाठवला. टेबलाचे पाय चारी दिशांना फाकले होते. खुर्ची मला दिसलीच नाही.

इमारतीत कुणीच नव्हतं. कुणाला खरचटलंही नाही. त्या गिलावा थापणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही, पण मी त्याची ऋणी आहे, आणि काकांची तर जन्मभर.

आम्ही धावत पोचलो, तेव्हा काका फाटकाशी उभे होते. सगळ्यांत जास्त वाद घातलेला माझा नवरा त्यांचा हात धरून उभा राहिला. काकांनी हात सोडवून घेतला नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "पेपर कसा गेला तिचा?"

"चांगला गेला," एवढंच मी म्हणाले, आणि भर रस्त्यात त्यांच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले.