शेपटीकडून डोक्याकडे

अकोल्याच्या बाजारात मासेवाला सोड्याच्या बाटल्यांची झाकणे ठोकलेल्या लाकडाने रोहू खरवडत होता. एक खवला उडून माझ्या मनगटाला चिकटला आणि कौंडण्यपूरचे सासर आठवले.

तेव्हा लग्नाला आठवडा झाला होता. नव्या सुनेने पहिला मासा शेजारच्या बायांसमोर साफ करायचा, अशी त्या घरची रीत होती. राख लावलेला रोहू धरून मी सुरीची पाठ डोक्याकडून शेपटीकडे ओढत होते. खवले निघेनात.

"शहरातली सून मासोयीले गोंजारून रायली!" शेजारीण म्हणाली. बाया हसल्या. माझे डोळे भरून आले.

सासूबाई उठल्या. लग्नापासून त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. माझ्या हातातला मासा त्यांनी उलटा फिरवला. शेपटीकडून सुरी लावताच खवले सरसर उडाले.

"काहून हसता वं? म्याच तिले डोक्याकडून खरवड म्हटलं होतं," त्या बायांना म्हणाल्या.

तसे त्यांनी सांगितले नव्हते. नंतरही त्या कित्येक महिने माझ्याशी बोलल्या नाहीत.

मासा फिरवताना त्यांनी माझी बोटे दाबली होती. ती मला धीर द्यायला, की मासा निसटू नये म्हणून, हे मला अजून ठरवता येत नाही.