थेंबही न घेतलेला माणूस

आमच्या गल्लीतल्या न्हाव्याला सगळे ‘अर्धीदाढी’ म्हणत. खुर्चीतल्या माणसाच्या तोंडाला दारूचा वास आला, की हा वस्तरा पुसून ठेवायचा आणि एका गालावर साबण तसाच सोडून त्याला बाहेर काढायचा. त्याचे सासरे दारूनं गेलेले. लग्नाआधी बायकोनं एकच अट घातली होती. तीस वर्षं हा थेंबाला शिवला नाही, आणि तीस वर्षं ते आम्हाला ऐकवत राहिला.

त्या आठवड्यात त्याला हुडहुडी भरून ताप येत होता. दिवसाआड ताप, मधल्या दिवशी दुकान उघडं. शनिवारी माझे केस कापताना त्याचा हात थरथरला, कानामागं वस्तरा लागला. मी ओरडलो, "काय रे, गुपचूप लावतोस की काय?" बाकावरचे दोघं खो खो हसले. घरी पोहोचेपर्यंत मी ती गोष्ट तीन ठिकाणी तिखटमीठ लावून सांगितली. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला तर लगामही नाही.

सोमवारी त्याच्या पोटात अशी कळ उठली, की पार पाठीपर्यंत गेली. उलट्या थांबेनात. वहिनी आणि मी त्याला दवाखान्यात नेलं. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "स्वादुपिंडाला सूज आहे. रोज किती पिता?"

"थेंबही नाही," तो कण्हला.

"सगळे हेच सांगतात."

वहिनींनी आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "भाऊजी, गल्लीत बोलतात ते खरंच का हो?"

"अहो, ते मीच उठवलं. चेष्टेत!"

"मित्राला पाठीशी घालताय."

जन्मभर माझ्या थापा लोकांनी मिटक्या मारत गिळल्या. खरं बोललो, तर घशाखाली उतरेना. वहिनी बाहेर बाकावर जाऊन बसल्या. तो पाणी मागत होता, तेही द्यायचं नव्हतं, नुसतं सलाईन. "तिला सांग ना," एवढंच तो मला पुन्हा पुन्हा म्हणाला. मी तीनदा सांगून आलो.

रात्रीतून त्याला धाप लागली. सकाळी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. सोनोग्राफीत पित्ताचे खडे नव्हते. तापाचं ऐकून त्यांनी रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावला. मलेरिया, तोही जहाल. "क्वचित कधीतरी मलेरियाच स्वादुपिंड असं सुजवतो. दारूचा काही संबंध नाही."

वहिनी धावत आत गेल्या. तोवर त्याला श्वासाच्या यंत्रावर घेऊन औषधानं झोपवलं होतं. "अहो, मला कळलं सगळं. ऐकताय ना?"

"ऐकू जातंय की नाही, सांगता नाही येत, ताई," नर्स म्हणाली.

मलेरियाची इंजेक्शनं चालू झाली. चार दिवस भेटीच्या वेळेला वहिनी तेच वाक्य त्याच्या कानाशी सांगत राहिल्या. पाचव्या दिवशी तो गेला.

"भाऊजी, ऐकलं असेल ना त्यांनी?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं, आणि त्याचे कपडे पिशवीत भरायला घेतले.