तळघरातली रिकामी ट्रंक

लेखनाचा आव आणण्याचा मला काहीच अधिकार नाही, हे प्रारंभीच सांगतो आणि वाचकांची क्षमा मागतो. पोलीस खात्यात मी आयुष्यभर लिहिले ते जबाब, पंचनामे आणि दोषारोपपत्रे. शिवाय जे प्रकरण सांगणार आहे ते माझ्या सेवेतलेही नाही. निवृत्तीनंतर मी मुलीकडे जर्मनीतल्या येना शहरी राहायला आलो, तिथले आहे. सेवेतल्या कित्येक गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले, ती ट्रंक मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वृद्ध जर्मन बाई एकट्या राहतात. महायुद्धात त्यांच्या वडिलांना कोवळ्या वयात सक्तीने सैन्यात नेले गेले. पुढे कैद भोगून ते परतले. त्यांचा भरतीचा हुकूम, सैनिकाची ओळखपुस्तिका, आईला धाडलेली पत्रे, कैदेत स्वतः कोरलेला लाकडी चमचा आणि नाझी चिन्हाचे एक पदक बाईंनी एका ट्रंकेत जपले होते. ही ट्रंक तळघरातल्या त्यांच्या कप्प्यात असे. लवकरच ती शहराच्या अभिलेखागाराकडे जायची होती.

गेल्या ऑक्टोबरात खुब्याची शस्त्रक्रिया होऊन बाई ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच घरी आल्या. त्यांनी ट्रंक मागितली म्हणून मी आणि माझी मुलगी तळघरात उतरलो. ट्रंक उघडी होती. आत काहीही नव्हते.

बाई रडल्या नाहीत. माझी मुलगी दुभाषी होती. बाई म्हणाल्या, "उद्या पोलिसांत जाते. भाच्याचंच नाव देते."

भाचा म्हणजे त्यांच्या दिवंगत बहिणीचा मुलगा, त्यांचा एकुलता एक नातेवाईक. "ते पदक विकून का टाकत नाहीस?" असे त्याने एकदा विचारले होते, ते त्या विसरल्या नव्हत्या. त्यात शेजारच्या गृहस्थांनी खबर दिली की, बाई रुग्णालयात असताना भाच्याला तळघरातून काळ्या पिशव्या नेताना त्यांनी पाहिले. मी बाईंकडे एका दिवसाची मुदत मागितली. कागद गेले ते गेलेच; पण चुकीचे नाव दिले तर माणूसही जाणार होता.

"बाबा, ही तुमची चौकी नाही हं," मुलीने बजावले.

"मी चौकशी कुठे करतोय? चहा पितोय."

दुपारी भाचा फुले घेऊन आला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. मी पिशव्यांचे विचारताच तो उसळला, "हो, नेल्या! माझे विंटर टायर होते त्यात. दर वर्षी मावशीच्या केलरमध्येच, या तळघरातच ठेवतो." नंतर ट्रंक रिकामी असल्याचे कळताच त्याचा आवाज उतरला. "चमचाही गेला? लहानपणी मी त्याच चमच्यानं सूप खायचो."

माझा अनुभव असा की, चोराला तपास कुठवर आला हे जाणून घ्यायचे असते. ज्याचे गेले आहे तो काय गेले ते विचारतो. मी पुन्हा तळघरात जाऊन घटनास्थळ नीट पाहिले. कुलूप शाबूत होते. ट्रंकेच्या तळाचा अस्तराचा कागद फुगून सुटला होता आणि भिंतीच्या पायथ्याशी ओल चढल्याची पांढरी रेघ होती. हे काम पाण्याचे होते, चोराचे नव्हे; भिजलेले सामान कोणीतरी किल्लीने उघडून हलवले होते.

भाच्याखेरीज किल्ली आणखी कोणाकडे होती? बाई म्हणाल्या, "कोणाकडेच नाही. वरच्या मजल्यावरची ती मुलगी फक्त झाडांना पाणी घालते." म्हणजे जुडगा तिच्याकडे होता.

ती मुलगी नागपूरची. येथे प्रकाशशास्त्रात संशोधन करते. उन्हाळ्यात तिची आई येऊन गेली आणि जाताना पुरणपोळ्यांनी फ्रीजर भरून गेली. "ही माझी फिक्स्ड डिपॉझिट आहे, काका," असे म्हणत ती रविवारी एकच पोळी काढायची. त्याच मुलीने आदल्या आठवड्यात अख्ख्या इमारतीला जेवायला बोलावले होते आणि साऱ्या पोळ्या वाढून "संपवा काका, संपवा," असा आग्रह केला होता. फ्रीजरमधली त्या पोळ्यांची जागा तिला कशासाठी हवी होती?

संध्याकाळी ती परतली तेव्हा मी जिन्यातच विचारले, "बाळ, फ्रीजरमध्ये काय ठेवलंस?"

ती गोरीमोरी झाली. "म्हणजे... काका, त्या उद्या येणार होत्या ना?"

पाइप गळून तळघरात पाणी शिरले होते. कागद भिजून एकमेकांना चिकटले होते. तिने अभिलेखागाराला फोन केला. पाने सोडवू नका, बुरशी लागण्याआधी आहेत तशी गोठवा, पुढचे आमच्यावर सोडा, असे तिला सांगण्यात आले. चमचा आणि पदक तिने पुसून कपाटात ठेवले होते.

"मग बाईंना कळवायचं नाही का?"

"कळवलं असतं तर वॉकर घेऊन केलरमध्ये उतरल्या असत्या, काका!"

फ्रीजरचा खण भाच्याने स्वतः उचलून खाली आणला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या त्या गोठलेल्या गठ्ठ्यांवर बाईंनी तळहात ठेवला आणि त्या हसू लागल्या. "रशियातल्या थंडीला बाबा जन्मभर शिव्या देत होते. बघा कुठे जाऊन बसले!" मग भाच्याकडे वळून म्हणाल्या, "उभा काय राहिलास? बस इथे." पोलिसांचा विषय पुन्हा निघाला नाही.

पदक हातात घेऊन त्या नागपूरच्या मुलीने चाचरत विचारले, "हेही द्यायचं?"

"हेही. ते वीर नव्हते. बोलावलं, गेले. तिकडे काय केलं ते मला कधी सांगितलं नाही. मला आवडतं तेवढंच ठेवलं, तर ती पेटी माझी होईल, त्यांची नाही."

मुद्देमालातले काहीही गाळू नये, आरोपीच्या बाजूचे नाही आणि विरुद्धचेही नाही, हे मी हाताखालच्या लोकांना वर्षानुवर्षे शिकवले. पण तो परक्याचा मुद्देमाल होता. स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत हा नियम पाळणारी व्यक्ती मी प्रथमच पाहिली, आणि तिच्यासाठी आईच्या हातच्या पोळ्या वाटून टाकणारी मुलगीही.

आपल्या घरीही अशी एखादी पेटी असेल. ती दुसऱ्याच्या हाती सोपवण्यापूर्वी तिच्यातले काय तुम्ही काढून ठेवाल?