काळी पट्टी

आमचा मामा प्रयोगशाळेत अंधार करायचा. तेच त्याचं काम. दोन आरशांमध्ये एक अणू अडकवून आम्ही त्याला प्रकाशाशी असं भिडवायचो, की प्रकाशाचे कण जोडीनंच बाहेर पडावेत. बाहेरचा एक कण शिरला तरी दिवस पाण्यात गेलाच! म्हणून मामा दिसेल त्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवायचा. वर ऐट केवढी: "काजव्यालाही आत सोडणार नाही!"

काल आतून त्याचा फोन आला. "नायट्रोजनची नळी फुसफुसतेय गं. डोकं जड झालंय."

"मामा, आधी बाहेर ये!"

"उगाच घाबरतेस. प्राणवायू कमी झाला की भिंतीवरचा लाल दिवा लागतो ना? इथं मिट्ट काळोख आहे."

मी धावले. दारातून हाक मारली; ओ नाही. भिंत चाचपडत मामानंच चिकटवलेली पट्टी ओरबाडली. त्या लाल उजेडात मामा जमिनीवर पडलेला दिसला.