मोठीबाईंचं रामटेक

आमच्या मोठीबाईंना रामटेक सोडून जगात दुसरं काही बघण्यासारखं आहे हे मुळी मान्यच नव्हतं. कुणी काश्मीरला जाऊन आलं, फोटो घेऊन आलं, की त्या एकेक फोटो मन लावून बघायच्या, बर्फाचं तोंड भरून कौतुक करायच्या आणि शेवटी हळूच विचारायच्या, "मस्त हाय. पन रामटेक पाह्यलं का?" समोरच्याच्या तोंडून "नाही" निघालं की तो मेलाच. येत्या रविवारी तो आमच्याबरोबर रामटेकच्या रस्त्याला लागलेला असायचा. माझ्या भावाचा साहेब एकदा कामासाठी नागपूरला आला होता, त्यालाही सोडलं नाही. बिचारा बूट-मोजे हातात घेऊन गड चढला.

मोठीबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. नागपुरात जरीपटक्याच्या बाजारामागे आमची दोन घरं, भिंतीला भिंत लागून. एका घरात भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, आणि मोठीबाई, दुसऱ्यात आम्ही आणि सासूबाई. भासऱ्यांचं सायकलचं दुकान होतं. मोठीबाई अंगानं भरभक्कम, आवाजानं त्याहून. त्या ओट्यावरून भाजीवाल्याला हाक मारायच्या तेव्हा मागच्या गल्लीतले दोन भाजीवाले येऊन उभे राहायचे.

मी साताऱ्याची. लग्न ठरलं तेव्हा मुलाची पुण्याला बदली होणार असं आम्हाला सांगितलं होतं. ती बदली आजतागायत व्हायची आहे! नागपुरात उतरले, आणि पहिला महिना मला वाटे, हे लोक मराठी बोलतात म्हणतात, मग मला कळत का नाही? "जेवून राहिली का?" म्हणजे जेवते आहेस का, असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "नाही, जेवून झोपले." सगळे हसायचे. मी "मला" म्हटलं की "मले" म्हणणारी नणंदेची पोरं "मला मला" करत घरभर नाचायची. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या मनातली सून वेगळी असावी. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडायची आणि सकाळी ठरवायची, की दिवाळीला माहेरी गेले की परत यायचं नाही. बॅग अर्धी भरूनही ठेवली होती.

ही बॅग मोठीबाईंनी पाहिली. रविवारी पहाटे दार वाजवून म्हणाल्या, "ऊठ वं मंदे. रामटेकले जाऊन राहिलो आपन." सासूबाई, नणंद, पोरं, दोघींचे नवरे, सगळं लटांबर आधीच गाडीत बसलं होतं.

त्यांचा रामटेकचा एक ठरलेला क्रम होता आणि तो देवानं येऊन सांगितलं असतं तरी बदलला नसता. कामठी मागं पडली आणि कन्हानचा पूल आला की गाडीत सगळ्यांनी हात जोडायचे. नदीसाठी नाही. "घरची कटकट इथं टाका पान्यात," त्या सांगायच्या. "परत येताना पाह्यजे असन तं घेऊन घ्या उचलून." मी त्या दिवशी हात जोडले आणि मनात म्हटलं, अख्खं सासरच टाकते.

मग आधी नगरधनचा किल्ला. तिथल्या विहिरीत पायऱ्या उतरून देवी आहे, तिचं दर्शन घेऊन मोठीबाई तटाच्या सावलीला फतकल मारून बसायच्या आणि इतिहास सांगायच्या. इतिहास त्यांचा स्वतःचा होता. राजांची नावं दर खेपेला बदलायची, कधी कधी एकाच वाक्यात. पण एक गोष्ट कधी बदलली नाही. "राजा मेला. पोट्टे लहान. मंग राज्य कोनं चालवलं? रानीनं! आन् आमच्या घरी मले दुकानाचा गल्ला उघडू देत नाई हा मानूस," असं म्हणून त्या भासऱ्यांकडे बोट दाखवायच्या. भासरे शांतपणे गाकर मोडून वांग्याच्या भाजीत बुडवत असायचे. ती जाड, गोवऱ्यांवर भाजलेली गाकरं मोठीबाई आदल्या रात्रीच करून ठेवायच्या.

मग खिंडसीचा तलाव. तिथं त्या नावेत कधी बसल्या नाहीत. "नावाड्यानं पाप काय केलं?" म्हणून स्वतःच्या वजनावर स्वतःच हसायच्या. पाण्यात पाय सोडून शिंगाडे सोलायच्या आणि सोललेला प्रत्येक शिंगाडा दुसऱ्याच्या हातात द्यायच्या. त्यांना शिंगाडे आवडतात की नाही हे आम्हाला कधी कळलंच नाही.

उन्हं कलायला लागली की गड. गडावर माकडांचं राज्य. नवऱ्याला "अहो" म्हणताना मी मोठीबाईंना ऐकलं नाही, माकडांशी मात्र त्या अदबीनं बोलायच्या. "अहो, सरका ना जरा. पाहुनी आली हाय साताऱ्यावरून." आणि खरं सांगते, ती काळतोंडी वानरं सरकायची! माझ्या हातातला फुटाण्यांचा पुडा मात्र एकानं जाता जाता नेला. "मान ठेवला त्यानं तुहा," मोठीबाई म्हणाल्या. "अनोळखी मानसाच्या हातचं ते घेत नाई." हे साफ खोटं होतं, पण महिन्याभरात मला कुणी आपलं म्हटलं ते पहिल्यांदा, तेही वानराच्या साक्षीनं.

वर गेल्यावर मी सरळ रामाच्या देवळाकडे निघाले, तशी त्यांनी मनगट धरलं. "तिकडे नाई. पहिले लक्ष्मन. इथं धाकट्याचा मान पहिला असते." तिथं रामाच्या आधी लक्ष्मणाचं दर्शन घ्यायची रीत आहे. माझा नवरा धाकटा, मी धाकटी. मोठीबाईंनी सासूबाईंकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, "देवाच्या घरी कायदा हाय हा. मानसाच्या घरी कोनी पाळत नाई ते सोडा."

आणि मग, उतरताना, वराह. गडाच्या वाटेवर दगडाचा भला मोठा वराह उभा आहे. त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघायचं. पुण्यवान निघतो, पापी अडकतो. मोठीबाई नव्या माणसाला तिथं नेल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मी तेव्हा काडीसारखी होते. पदर खोचला आणि शिरले. अर्ध्यात गेले आणि हललेच नाही! पदराचं टोक कुठंतरी दगडात अडकलं होतं, हात अंगाखाली दाबले गेले होते. बाहेरून नणंद ओरडली, "फसली! फसली! वहिनी फसली!" पोरं टाळ्या पिटायला लागली. "फसली वं फसली!"

आता आमच्या साताऱ्याला फसली म्हणजे फसवणूक झाली. इथं फसली म्हणजे अडकली. मला ते कुठं ठाऊक? पुण्याची बदली डोळ्यांसमोर आली, उशी आली, ती अर्धी भरलेली बॅग आली. वाटलं, अख्ख्या जगाला ठाऊक आहे की या मुलीला फसवलंय, आणि आता टाळ्या वाजवून सांगतायत. मी त्या दगडाखाली पालथी पडून हमसून हमसून रडायला लागले. "हो, फसले! फसवलंत तुम्ही मला!" असं मोठ्यानं म्हणालेसुद्धा. मग सासूबाईंचा आवाज आला, "नवी सून अन् पह्यल्याच खेपेले फसली. काय म्हनाव आता?"

तेवढ्यात समोरून उजेड बंद झाला. मोठीबाई पलीकडच्या बाजूनं आत शिरत होत्या. त्या देहाचं काय होणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. डोकं आलं, खांदे आले आणि त्या घट्ट बसल्या. आमची नाकं एकमेकींपासून वीतभरावर. घामानं त्यांचं कुंकू ओघळलं होतं. मग त्यांनी बाहेरच्यांना ऐकू जाईल असा आवाज लावला, "मी पन फसली वं! आता दोन्ही सुना पापी. काढा आमाले, नाई तं सैपाक तुमीच करा!"

बाहेर हशा उसळला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी बी फसली होती, मंदे. मले सांगतलं का पोरगा मास्तर हाय. पाह्यते तं सायकलीचं पंक्चर काढून राहिला." मी रडता रडता हसले. "मग तुम्ही परत नाही गेलात?" त्या म्हणाल्या, "जानार होती. पन मानूस चांगला निंघाला. थांबून पाह्य जराशी. नाई जमलं तं मीच नेऊन देईन तुले साताऱ्याले."

भासऱ्यांनी त्यांचे पाय ओढून त्यांना बाहेर काढलं, मला माझ्या नवऱ्यानं. दोघींची ढोपरं सोलली होती. घरी आल्यावर मी बॅग रिकामी केली.

त्यानंतर किती जणांना आम्ही दोघींनी रामटेक दाखवलं, त्याचा हिशोब नाही. माणूस चांगला निघाला, माझाही. सासूबाई गेल्या, त्यांच्या अस्थी मोठीबाईंनी माझ्या हातानं रामटेकच्या पायथ्याशी अंबाळ्याच्या तलावात सोडायला लावल्या. मला पोरं झाली, त्यांना फसणं म्हणजे अडकणंच ठाऊक आहे. मीही कधी "मला"चं "मले" म्हणायला लागले, कळलं नाही. साताऱ्याला गेले की आता तिकडची पोरं घरभर नाचतात.

भासरे दोन वर्षांपूर्वी गेले. मोठीबाईंचा विकास बंगलोरला मोठ्या नोकरीवर आहे. गुणी मुलगा. त्यानं आईला एकटीला ठेवायला नकार दिला, यात त्याची काय चूक? मी म्हटलं, "मोठीबाई, भिंतीला भिंत आहे. मधे दार पाडू. तुम्ही इकडे या." त्या तडक नाही म्हणाल्या. "पोरगा असून जावेच्या घरी राह्यली तं लोक विकासले नावं ठेवतीन. माह्या पोराले कोनी बोललं तं मले नाई चालनार." मी हट्ट केला, रुसले, चार दिवस बोलले नाही. ऐकल्या नाहीत. स्टेशनवर त्यांनी विकासलाच विचारलं, "रामटेक पाह्यलं का बंगलोरवाल्यायनं?" विकास म्हणाला, "आई, तिकडे पण डोंगर आहेत गं." त्या डब्यात चढल्या आणि खिडकीशी बसून गाडी सुटेपर्यंत माझा हात धरून होत्या.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. सुरुवातीला आवाज तोच होता, फोन कानापासून लांब धरावा लागायचा. "कोनाले नेलं का वं रामटेकले?" मी नेलं नसलं तरी नेलं म्हणायची. हळूहळू आवाज लहान होत गेला. नातीला आजीची भाषा कळत नाही. सोसायटीतल्या मराठी बायका चांगल्या आहेत, भिशीला बोलावतात, पण या बोलल्या की हसतात. "हसू द्या ना," मी म्हणायची, "मलेही हसायचे." त्या म्हणायच्या, "तू पोट्टी होती तवा. या वयात कुठी शिकू मी?"

परवाच्या रविवारी फोन आला. आवाज स्वच्छ, हळू, जपून टाकलेला. "मंदा, कशी आहेस? मला इथं काही त्रास नाही. मला सगळे सांभाळतात. तू माझी काळजी करू नकोस."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. आहेस. मला. माझी. या बाईनं उभ्या जन्मात "मला" म्हटलं नव्हतं. रामासमोर नाही, डॉक्टरसमोर नाही, भासऱ्यांना पोचवून आल्यावरसुद्धा नाही. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! मी ओरडलेच, "हे काय लावलं? मला काय मला? मले म्हना! मोठीबाई, मले म्हना!"

पलीकडे मागं कुठंतरी मिक्सर चालू होता, तो थांबला. मला वाटलं फोन कट झाला. मग अगदी बारीक, पण त्यांचाच, आवाज आला.

"मले घरी ने वं, मंदे."

विकासशी मी बोलले. तो आधी रडला, मग म्हणाला, "काकू, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांशी मी बोलते, तू फक्त तिची औषधं बांधून ठेव. काल गवंडी येऊन मधली भिंत बघून गेला. शुक्रवारी निघते, तिकिटं काढली आहेत. जायचं एक आणि यायची दोन.