दसऱ्याला सुरू केलेले डबे

केनवडच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांनी दसऱ्याला विळे-कुदळींच्या शेजारी मी बनवलेले डबेही पूजेला मांडले. झेंडू वाहिला, नारळ फुटला आणि त्या आवाजासरशी सगळ्यांनी आपापल्या डब्याचं बटण दाबलं. ठरावीक वेळाने मातीतली ओल मोजायची आणि गावच्या पाण्याच्या टाकीवरच्या अँटेनाकडे बिनतारी संदेश धाडायचा, की तो शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोचतो, एवढंच त्या डब्यांचं काम.

पण डबे शेतात रोवले आणि टाकीजवळचा तेवढा एक धड बोलू लागला. बाकीच्यांचा पत्ताच नाही. लोक हसायला लागले. मी मुळात तापट, अँटेनावरसुद्धा ओरडले.

खरा जीव टांगणीला लागला होता तो मिरचीवाल्या मावशींचा. घरी एकट्या, आणि पुण्यात लेकीचं बाळंतपण तोंडावर आलेलं. मोटार मोबाइलवरून सुरू करता यायची, पण पाणी कधी द्यायचं ते डबा सांगणार होता.

"डबा बोलला तं जातो," त्या म्हणायच्या. "नाई तं मिरची सोडून कशी जाऊ?"

एकदा त्यांच्या डब्याची बॅटरी सैल झाली म्हणून मी काढून पुन्हा बसवली, आणि त्यांचे आकडे सुरळीत यायला लागले. तेव्हा माझी ट्यूब पेटली. सगळे डबे एकाच क्षणी सुरू झाले होते, म्हणून दर वेळी एकाच क्षणी बोलत होते. संदेश एकमेकांवर आदळून फुकट जात होते. टाकीजवळच्याचा आवाज मोठा, म्हणून तो तगला. मावशींचा बॅटरीमुळे मागे पडला, म्हणून ऐकू आला. पण डब्यांतली घड्याळं हळूहळू मागेपुढे सरकतात, तो पुन्हा गर्दीत सापडलाच असता.

उपाय होता. प्रत्येक डब्याने बोलण्याआधी मनाला येईल तेवढं थांबायचं, कानोसा घ्यायचा, वाट मोकळी असेल तरच बोलायचं. हे शिकवायला मात्र सगळे डबे बंद करून लॅपटॉपला जोडावे लागणार होते. तिथंच घोडं अडलं.

"मुहूर्तावर चालू केलेलं बंद कायले करता?" जो तो विचारायचा. मी हात जोडले, आवाजही चढवला. कुणी ऐकेना.

मग मावशींनी आपला चालता डबा उपटला आणि माझ्या हातात दिला.

"घे पोरी, माहाच पह्यले बंद कर." मग बाकीच्यांकडे वळल्या. "साऱ्या सुना एका दमात बोलल्या तं सासूले काय समजते? त्याहिले घडीभर गप बसवलं तं देवाले राग येते का?"

लोक हसले आणि एकेक डबा येऊ लागला. मावशींचा डबा माझ्या हातून बिघडला असता, तर त्यांचं पुण्याला जाणं तिथंच संपलं असतं. हे त्यांना ठाऊक होतं. तरी दिला. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या साहेबांनीही कधी टाकलेला नाही.

डबे पाळीपाळीने बोलू लागले आणि मावशी पुण्याला गेल्या. एका दुपारी फोन आला.

"पोरी, मिरची सुकली म्हणून डब्यानं सांगतलं. इथूनच मोटार लावली. तुहे लय उपकार झाले, बाई."

मावशी, उपकार तुमचेच, असं मी म्हणणार, तोच मागून बाळाचं रडणं ऐकू आलं.

"थांब, नात उठली," म्हणून त्यांनी फोन ठेवला.